लेदर सीटवर बुरशी: तेल लावू, कंडिशनर लावू की नुसतीच पुसू? (ठाणे / नवी मुंबई)

घोडबंदरकर

मंडळी, वाहन विभागात शोधून पाहिलं, सीटवर वेगळा धागा दिसला नाही म्हणून काढतोय. आधीचा असेल तर संपादकांनी हा खुशाल उडवावा.

मार्चमध्ये सेकंड हँड सेडान घेतली. सनरूफ आहे, सीट बेज लेदरच्या. घर कासारवडवलीला, पार्किंग बेसमेंटच्या खालच्या मजल्यावर. ऑफिस ऐरोलीत, तिथे गाडी उघड्यावर, झाडाखाली. बरेच दिवस घरूनच काम असतं, त्यामुळे गाडी उभीच. जुलै अर्धा सरला आणि सीटवर पांढरट-हिरवट ठिपके उगवले. ड्रायव्हर सीटच्या कडेला, मागच्या सीटच्या शिवणीत, अगदी सीटबेल्टवरसुद्धा. दार उघडलं की कुबट वास.

सासरे म्हणतात, खोबरेल तेलाचा हात फिरवा, चामडं आहे, तेल मागतं. वॉशिंग सेंटरवाला म्हणतो, डांबरगोळ्या ठेवा. मानपाड्याच्या एका डिटेलिंगवाल्याने (गाडीची बारीक सफाई-पॉलिश करणारा) 'डीप कंडिशनिंग प्लस सिरॅमिक' (वरून संरक्षक थर) असं पॅकेज सांगितलं, आकडा पाच अंकी. पैसे खर्च करायला ना नाही, पण पुढच्या पावसाळ्यात परत हेच होणार असेल तर काय उपयोग? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खारेगावकर

सासऱ्यांचं ऐका. आमच्या वडिलांच्या कोल्हापुरी चपला वर्षानुवर्षं तेलावर टिकल्या. लेदर म्हणजे लेदर.

कोपरखैरणे एक्सप्रेस

सनरूफ घेतलंत ना, भोगा आता. (हलके घ्या.)

नाना नेरूळकर

घोडबंदरकर, मी लेदरच्या धंद्यात आयुष्य काढलं, आता निवृत्त. सासरेबुवांचा मान राखून सांगतो, तेल लावू नका.

खारेगावकर, तुमच्या वडिलांच्या चपलेचं चामडं आणि या सीटचं चामडं यांचा संबंध फक्त जनावरापुरता. कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेलं असतं आणि वर काही लेप नसतो. छिद्रं उघडी, तेल आत जातं, चामडं मऊ राहतं. तिथे तेल बरोबरच आहे. गाडीच्या सीटचं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी किंवा तशाच कारखानी पद्धतीने कमावतात, त्यावर रंगाचा थर देतात आणि सगळ्यात वर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर चढवतात. तुमची पँट घासते ती त्या थरावर. चामड्यापर्यंत तुम्ही पोचतच नाही, मग तेल कुठून पोचणार? ते वरच बसतं, चिकट होतं, त्यावर घोडबंदर रोडची धूळ बसते आणि दर वेळी बसताना-उतरताना ती धूळ सीट घासते. वर बुरशीला आयतं खाद्य.

घरच्या घरी तपासा. सीटच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब ठेवा. मण्यासारखा उभा राहिला तर वरचा थर शाबूत आहे. आत मुरून डाग गडद झाला तर एक तर थर झिजलाय, नाहीतर ते लेप नसलेलं अ‍ॅनिलिन लेदर आहे. आपल्याकडे ते फार महाग गाड्यांतच सापडतं.

लोक म्हणतात, 'सीट कोरडी पडून तडकली.' बहुतेक वेळा तडकतो तो वरचा थर. ऊन, घामातलं मीठ, शिवणीत अडकलेली वाळू आणि रोजची घासण ही त्याची कारणं. ड्रायव्हर सीटची दाराकडची कड आधी का जाते बघा. उतरताना आपण तिच्यावरूनच घसरतो. तेलाची टंचाई असती तर सगळी सीट एकदम तडकली असती.

तुर्भेनाका

नानांना +१. माझं सीट कव्हर आणि कुशनचं काम आहे, नाव देत नाही, जाहिरात नको.

घोडबंदरकर, तुमच्या सीट नक्की लेदर आहेत का? विक्रेता 'लेदर' म्हणाला याला आमच्या धंद्यात काही किंमत नाही. कंपनीने 'लेदर सीट' लिहिलं तरी बरेचदा बसायचा आणि पाठ टेकायचा भाग लेदरचा, आणि बाजू, पाठीमागचा भाग, हेडरेस्टची मागची बाजू रेक्झिनची. बाहेरून लावलेली कव्हरं तर जवळजवळ सगळी पीव्हीसी किंवा पीयू (पॉलियुरेथेन), दोन्ही रेक्झिनचेच प्रकार. 'नप्पा' (मऊ, उंची चामडं) हा शब्द दुकानात ज्याला त्याला लावतात. आम्हीही लावतो, गिऱ्हाईक मागतं.

ओळखायचं तर सीटखाली हात घालून कापडाची मोकळी कड शोधा. मागची बाजू केसाळ, सुएडसारखी असेल तर चामडं. विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन. वासावर जाऊ नका, लेदरच्या वासाचा स्प्रे मिळतो.

फरक का कळायला हवा? पीव्हीसी उन्हात कडक होतं, कारण मऊपणासाठी घातलेलं द्रव्य हळूहळू उडून जातं. पीयूची खोड वेगळी. दमट हवेत वर्षानुवर्षं राहून त्याचा थर आतूनच सुटतो आणि पापुद्रे निघतात. एकदा पापुद्रे निघायला लागले की कुठलंही क्रीम ते थांबवत नाही, कापड बदलायचं.

घोडबंदरकर

नाना, तुर्भेनाका, दंडवत. थेंब मण्यासारखा उभा राहिला. खालून पाहिलं, बसायच्या भागाची कड केसाळ आहे, बाजूला विणलेलं कापड. म्हणजे अर्धं-अर्धं. तेल रद्द. मग साफ कशाने करू?

नाना नेरूळकर

आधी बुरशी, मग सफाई. गाडी बेसमेंटमधून बाहेर काढा, चारही दारं उघडा. एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला. कोरड्या फडक्याने झटकू नका, बीजाणू गाडीभर होतील. साध्या व्हॅक्यूमचंही तेच, मागच्या बाजूने सगळं परत हवेत फेकतो. हेपा फिल्टरचा (अगदी बारीक कण अडवणारा) असेल तरच वापरा. नाहीतर किंचित ओल्या मायक्रोफायबरने उचलून घ्या आणि फडकं दर पुसण्याला घडी बदलत फिरवा.

मग पांढरा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, तेही फडक्यावर घेऊन. सीटवर ओतायचं नाही. आधी सीटच्या मागे एका कोपऱ्यात लावून वाळू द्या, रंग बदलला नाही तर पुढे जा. चामड्याचा स्वभाव मुळात आम्लधर्मी, पीएच साधारण ४-५ च्या आसपास, त्यामुळे सौम्य आम्ल त्याला चालतं. कपड्याची पावडर, भांड्याचा साबण, आंघोळीचा साबण हे अल्कधर्मी. एकदा लावल्याने आभाळ कोसळत नाही, पण थर झिजलेल्या जागी आणि शिवणीत ते मुरतात, आणि तिथून चामडं खराब व्हायला लागतं. ब्लीचचा विचारही नको.

नंतर लेदरचा पीएच न्यूट्रल क्लीनर. शिवणीतली वाळू आधी मऊ ब्रशने काढा. क्लीनर ब्रशवर घ्या, फेस करा, हलक्या हाताने फिरवा, फेस वाळायच्या आत पुसा, मग साध्या ओल्या फडक्याने, मग कोरड्या. सीटचा एक भाग संपवून मगच दुसरा घ्या. फडकं काळं निघेल. ती बेज सीट तुम्हाला वाटते तेवढी बेज नाही, हे तेव्हा कळेल.

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून चिमट्याने अडकवून ठेवा, सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा आणि ठणठणीत वाळल्याशिवाय आत सोडू नका. ओला पट्टा गुंडाळला की आत पुन्हा बुरशी. पट्ट्याला ब्लीच तर अजिबात नको, त्याने धागे कमकुवत होतात आणि दिसत काहीच नाही.

वाळवायला सावली आणि वारा. ऊन दाखवायच्या मोहात गाडी दिवसभर उन्हात बंद करून ठेवू नका.

सीवूड्सची सई

नाना, बेबी वाइप्स चालतात का? घरात अडीच वर्षांचा नमुना आहे. दूध, केळं, सनस्क्रीन, सगळं सीटवर. आणि कोविडपासून हँड सॅनिटायझरची बाटली दारात असतेच.

नाना नेरूळकर

सई, ओलं दूध पुसायला अडीअडचणीला वाइप चालेल, मागून साध्या पाण्याचं फडकं फिरव म्हणजे त्यातली द्रव्यं सीटवर राहणार नाहीत. रोजचा क्लीनर म्हणून नको. दुधाचं मात्र लगेच बघ, शिवणीतून खाली फोममध्ये गेलं तर तो वास आणि बुरशी दोन्ही तिथेच मुक्कामाला येतात. सॅनिटायझर लावलेले हात वाळल्याशिवाय स्टिअरिंग धरू नकोस. त्यातल्या अल्कोहोलने वरचा थर मऊ पडतो, स्टिअरिंगचं लेदर गुळगुळीत आणि चकचकीत होतं ते बरेचदा त्यामुळेच. सनस्क्रीनचे डाग शिळे झाले की हट्टी होतात, त्याच दिवशी पुसून टाक.

आणि तो पांढरा 'मॅजिक' स्पंज फिरवू नकोस. डाग जातो, कारण तो बारीक पॉलिश पेपरसारखा घासतो. डागाबरोबर थरही जातो.

सीवूड्सची सई

आभार काका. स्पंज आजच भांड्यांच्या कट्ट्यावर.

पाचपाखाडी

जरा वेगळं विचारतो. सगळे सीटच पुसताहेत. घोडबंदरकर, सीटबेल्टवरही बुरशी आली म्हणता, म्हणजे मुद्दा चामड्याचा नाहीच, गाडीतली हवाच ओली आहे. जुलैत आपल्याकडे बाहेरच आर्द्रता ८०-९० टक्के असते हे खरं, पण बेसमेंटमधल्या सगळ्या गाड्यांना बुरशी येते का? शेजारच्या गाडीत डोकावून पाहा.

मग पायाखालचं मॅट उचला आणि कार्पेट जोरात दाबा. नुसता हात फिरवून चालणार नाही. कार्पेटखाली फोम किंवा नमद्यासारखा जाड थर असतो, वरून कोरडा लागतो आणि खाली पाणी धरून बसतो.

घोडबंदरकर

शेजारच्या हॅचबॅकच्या रेक्झिन सीट स्वच्छ. आमच्याकडे पुढे डावीकडे कार्पेट दाबलं तर बोटं ओली झाली. आता?

पाचपाखाडी

आता सीटवर एक रुपया खर्च करायच्या आधी ते पाणी कुठून येतं ते शोधा.

पुढे डावीकडे म्हणजे दोन संशयित. पहिला एसीचा ड्रेन. आपल्या हवेत एसी चालू असताना गाडीखाली पाणी टपकलंच पाहिजे. टपकत नसेल तर ती नळी तुंबलीय आणि पाणी आतच उतरतंय. दुसरा सनरूफ. सनरूफची काच पूर्ण पाणी अडवते हा गैरसमज आहे. काचेच्या कडेने थोडं पाणी आत येतंच, ते खालच्या पन्हळीत पडतं आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांनी, पुढच्या-मागच्या खांबांच्या आतून, गाडीच्या बाहेर जातं. तुम्ही झाडाखाली उभी करता. बारीक पानं, फुलोरा, माती त्या पन्हळीत साचली की पाणी वाट शोधतं आणि ती वाट तुमच्या कार्पेटवर संपते.

फरक ओळखायला सोपं आहे. पाऊस नसताना एसी चालवून ओलं झालं तर ड्रेन. एसी न चालवता पावसानंतर ओलं झालं तर सनरूफ, नाहीतर पुढच्या काचेखालच्या जाळीत साचलेला पाला.

सनरूफ उघडून पन्हळीत अगदी थोडं पाणी सोडा आणि दाराच्या पुढे, चाकाजवळ खाली येतं का पाहा. तुंबलं असेल तर तार घालू नका, कॉम्प्रेसरची जोरदार हवाही मारू नका. नळी आत जोडावरून निसटली तर छताचं अस्तर उतरवावं लागतं. मऊ नायलॉनची दोरी हळूहळू सारायची.

कोपरखैरणे एक्सप्रेस

मी गंमत केली होती, ती खरी निघाली. माफी असावी.

घोडबंदरकर

सनरूफच. डाव्या कोपऱ्यात पाणी तसंच उभं राहिलं. गॅरेजवाल्याने पन्हळीतून मूठभर काळा चिखल आणि पानं काढली, आता पाणी चाकाजवळ धारेने येतं. तो म्हणतो, सीट काढून कार्पेट उचलावं लागेल. आवश्यक आहे का?

तुर्भेनाका

आवश्यक. फोम आपोआप पावसाळ्यात वाळत नाही. पण कोण उचलतंय ते बघा. सीट चार बोल्टवर असते, ते सोपं. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर असतात, ते एअरबॅग आणि बेल्टच्या यंत्रणेचे. बॅटरी सोडवून थोडा वेळ थांबल्याशिवाय त्यांना हात लावू द्यायचा नाही. ते सुटलेले असताना इग्निशन चालू झालं की एअरबॅगचा दिवा लागतो आणि मग स्कॅनर लावून घालवावा लागतो.

आणि कुणी म्हणालं 'बुरशी झाकायला कव्हर घालू', तर नको. बुरशी खाली वाढतच राहील. शिवाय पुढच्या सीटच्या दाराकडच्या कडेला एअरबॅगची पट्टी शिवलेली दिसली तर सीटमध्येच साइड एअरबॅग आहे. साधं कव्हर तिच्या आड येतं. त्या जागी फाटणारी वेगळी शिवण असलेलंच कव्हर घ्यावं लागतं, आणि रस्त्याकडेच्या दुकानात 'एअरबॅगवालं आहे साहेब' असं म्हणणारे बरेच, तशी शिवण घालणारे थोडे.

मावळता सूर्य

डांबरगोळ्यांबद्दल कुणी बोललं नाही. मी डॉक्टर आहे, म्हणून एवढंच: बंद गाडीत नॅफ्थलीनची वाफ कोंडते. लहान मुलं, विशेषतः जी६पीडी या विकराची कमतरता असलेली बाळं, यांच्या रक्तातल्या लाल पेशी त्याने फुटू शकतात. आर्द्रता तर त्या गोळ्या शोषतच नाहीत.

खारेगावकर

मग ते ओलावा शोषणारे डबे? ऑनलाइन मिळतात, खाली पाणी जमतं तसले.

पाचपाखाडी

त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं. शोषतं खरं, पण जमणारं पाणी म्हणजे खारट द्रावण. आमच्या सोसायटीत एकाने तसली पिशवी हेडरेस्टला टांगली, ती गळली, आणि त्याखालची लेदर सीट आकसून कडक झाली. ठेवायचाच तर डबा पायाजवळच्या मॅटवर, सीटच्या वर कुठेही नाही, आणि चालवण्याआधी बाहेर. सिलिका जेलच्या चिमुकल्या पुड्यांनी गाडीएवढ्या जागेत काही होत नाही.

सगळ्यात चांगला डीह्युमिडिफायर गाडीतच बसवलेला आहे. एसी. दर दोन-तीन दिवसांनी गाडी फिरवून आणा, एसी चालू ठेवून. घरी पोचायच्या पाच-सात मिनिटं आधी एसीचं बटण बंद, पंखा चालू, हवा बाहेरची. एसीची कॉइल वाळते आणि तो आंबूस वासही कमी होतो. केबिन फिल्टर बदलला नसेल तर या भानगडीत तोही बदलून टाका. छोटा आर्द्रतामापक आत ठेवा. ६०-६५ टक्क्यांच्या खाली राहिलं तर बुरशीला जोर धरता येत नाही.

घोडबंदरकर

कार्पेट निघालं. खालचा फोम शेवाळासारखा वास मारत होता. गॅरेजमध्ये पंख्यासमोर वाळतोय. सीट नानांच्या पद्धतीने पुसल्या, फडकं काळंकुट्ट. आता डिटेलिंगवाल्याचं पॅकेज घ्यायचं का? 'सिरॅमिकने बुरशी येतच नाही' असं तो छातीठोक सांगतो.

नाना नेरूळकर

बुरशी येत नाही हे खोटं. कोटिंगवर घाम-धूळ बसली आणि हवा ओली राहिली तर बुरशी कोटिंगवर येईल. तिला चामडं लागतंच असं नाही, तुमच्या बेल्टवरही आली होती. बेज सीटला त्या कोटिंगचा उपयोग आहे तो डागांसाठी. शाई, चहा, कपड्यांचा रंग चटकन मुरत नाही, पुसायला सोपं जातं. ते कायमचंही नसतं, बसायच्या जागी झिजतं.

'डीप कंडिशनिंग' तर सोडूनच द्या. तुमच्याच थेंबाने सांगितलंय की आत काही जात नाही. पाण्यावर आधारित साधा लेदर प्रोटेक्टंट मिळतो, घर्षण आणि अतिनील किरणांपासून थोडा आडोसा देतो, चमकत नाही. दोन-तीन महिन्यांनी सफाई झाल्यावर पातळ हात. चकाकी देणारं सिलिकॉनचं डॅशबोर्ड पॉलिश सीटवर नको. बसणारा घसरतो, आणि स्टिअरिंग-पेडलवर उडालं तर ते धोक्याचंच.

उन्हाळ्यात पुढच्या काचेला आतून चंदेरी पडदा लावत जा, पार्क केल्यावर. पाम बीच रोडला एप्रिलच्या दुपारी उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ६० अंशांच्या वर सहज जातो. त्या पडद्याने जेवढी सीट वाचेल तेवढी क्रीमने वाचत नाही.

पाम बीच

मी डिटेलिंगच करतो, त्यामुळे थोडी बाजू मांडतो. सगळेच फसवत नाहीत. ज्यांच्या सीटचा थर गेलाय, कड तडकलीय, त्यांना घरी काही करता येत नाही. तिथे सफाई, भराव, रंग जुळवून फवारणी आणि वरचा थर असं पूर्ण काम लागतं, आणि त्याचे पैसे रास्त आहेत. पण नाना म्हणतात ते खरं, शाबूत सीटवर 'मुरवण्या'चे पैसे देऊ नका. दुकानात जाल तेव्हा एकच विचारा, 'ओलावा मोजला का?' जो मॅट न उचलता दर सांगतो त्याच्याकडून निघा.

सीवूड्सची सई

आमच्या नवीन गाडीत पुढच्या सीटला बारीक भोकं आहेत, आतून थंड हवा येते ती. त्यांना हाच उपाय?

तुर्भेनाका

सई ताई, क्लीनर सीटवर फवारायचा नाही, आधी फडक्यावर. भोकांतून पाणी आत गेलं तर खाली पंखा आणि वायरिंग आहे. फेसही कमी. भोकांत क्रीम भरलं तर पांढरे ठिपके वाळून बसतात आणि हवा अडते, मग टूथपिक घेऊन बसावं लागतं. आधी व्हॅक्यूम, मग जेमतेम ओलं फडकं. त्या सीटवर वरून जाड कव्हर घालायला येणारी गिऱ्हाइकं मी परत पाठवतो, थंड हवेचे पैसे भरून ती हवा कव्हरखाली कोंडायची कशाला?

घोडबंदरकर

एक शेवटचं. ड्रायव्हर सीटच्या पाठीवर निळसर झाक उरली आहे, ती क्लीनरने गेली नाही. बुरशी की आणखी काही?

नाना नेरूळकर

आधीच्या मालकाची जीन्स. नवीन डेनिमचा रंग घामाने आणि उष्णतेने सुटतो आणि फिक्या सीटच्या वरच्या थरात जाऊन बसतो. ताजा असेल तर क्लीनरने दोन-तीनदा केल्यावर फिका होतो. जुना असेल तर डाय-ट्रान्सफरसाठीचा वेगळा क्लीनर मिळतो, तोही आधी कोपऱ्यात लावून बघा. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल यातलं काहीही घेऊ नका, डागाबरोबर बेज रंगही फडक्यावर येईल. तरी राहिलाच तर पाम बीच यांच्यासारख्या कुणाकडून तेवढ्या भागावर रंग आणि वरचा थर मारून घ्या, पूर्ण सीट करायची गरज नाही.

आणि तो सिरॅमिकचा थर द्यायचाच असेल तर हा डाग निघाल्यावर द्या. नाहीतर निळा रंग खाली कायमचा बंद होईल.